‘लिनक्सवर नेट चालत नाही’ : एका तक्रारीची उलटतपासणी

“लिनक्स आपल्या पोरांसाठी नाही. ते इंजिनिअर लोकांचे काम.” हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत अनेकदा ऐकले आहे. म्हणणारे लोक वाईट नाहीत. त्यात वस्तीत जीव ओतून काम करणारे कार्यकर्ते आहेत, शिक्षक आहेत, अभ्यासिकेला स्वतःच्या खिशातून पैसे देणारे नोकरदार आहेत. त्यांचा मुद्दा साधा असतो : अभ्यासिकेत संगणक जरूर ठेवा, पण त्यात विंडोज टाका, नाहीतर नेटचे डोंगल चालणार नाही आणि पोरे बसतील हात चोळत.

हा मुद्दा आम्ही अभ्यासिकेत बसून, स्वतःच्या अंगावर घेऊन तपासला आहे. त्यात एका ठिकाणी आम्ही बरोबर होतो आणि एका ठिकाणी सपशेल चुकलो. बरोबर होतो तेवढेच सांगून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून इथे दोन्ही सांगणार आहोत.

गोष्ट २०१२ सालची. वऱ्हाडातले एक तालुक्याचे गाव. समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही तिथे संस्थेच्या कामावर रुजू झालो होतो. विहाराच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिथे अभ्यासिका चालायची. एका कार्यालयाने मोडीत काढलेले तीन संगणक आम्हाला मिळाले. ५१२ एमबी रॅम, जुने जाड मॉनिटर. त्यात विंडोज एक्सपी होते, पण पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने त्याचा पार भुगा झालेला. परवाना असलेली नवी प्रत विकत घ्यायला पैसे नव्हते आणि चोरीची प्रत ‘मारून’ घ्यायची नाही असे आम्ही ठरवले होते. आमच्याकडे उबुंटूची १०.०४ ही सीडी होती. १०.०४ म्हणजे २०१० सालच्या चौथ्या महिन्यातली आवृत्ती. त्या काळात या सीड्या मागितल्या की पोस्टाने फुकट घरी येत. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. आमची सीडी त्याआधीची. ती टाकली आणि तिन्ही यंत्रे चालू झाली. टायपिंग, हिशेबाचे तक्ते, चित्रे, सगळे सुरू झाले.

राहिले होते फक्त नेट. आणि नेट का हवे होते? तर शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन झाले होते. बाजारातल्या कॅफेत तासाला वीस रुपये, वर रांग, वर “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या”. रोजंदारी करणाऱ्या घरातल्या मुलीला असे तीन ‘उद्या’ परवडत नाहीत. म्हणून वर्गणी काढून आम्ही एक थ्रीजी डोंगल घेतले. पेनड्राइव्हएवढे यंत्र, त्यात सिमकार्ड घालायचे आणि ते संगणकाला लावायचे.

लावले. पडद्यावर सीडीचे चिन्ह आले. उघडले तर आत विंडोजची सेटअप फाईल. तिच्यावर कितीही क्लिक करा, काही होत नाही. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, “लिनक्स आहे का? नाही चालत. विंडोज मारून घ्या.” दोन मिनिटांत निकाल लागला. ना तपासणी, ना चौकशी.

इथे पहिला मुद्दा. ‘चालत नाही’ हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवले होते, आणि नेमके गरजेच्या वेळी आम्ही ते विसरलो होतो. एखादी गोष्ट होत नसेल तर पहिला प्रश्न ‘का होत नाही?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘नक्की काय होते आहे?’

लिनक्समध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळते, कारण यंत्र आपल्या मनातले लपवत नाही. टर्मिनल उघडून लहान इंग्रजी अक्षरांत एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे लिहून एंटर मारले, की यूएसबीला लावलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ दिसते. प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांचे दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखे चिन्ह. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. हुआवे कंपनीचा आकडा १२डी१, झेडटीईचा १९डी२, असे ते ठरलेले असतात. आमच्या यादीत डोंगलची ओळ होती. म्हणजे संगणकाला डोंगल दिसत होते. खाच ठीक, डोंगल ठीक. मग ‘डी-मेसेज’ ही दुसरी आज्ञा दिली. तिच्यात संगणक स्वतःची रोजनिशी दाखवतो. त्यात लिहिले होते की एक सीडी ड्राइव्ह जोडला गेला आहे.

म्हणजे तिढा असा होता : संगणकाला डोंगल दिसत होते, पण मोडेम म्हणून नव्हे, सीडी म्हणून.

असे का? दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच कॅफेत बसलो. नेट दुरुस्त करायला नेट लागते ही गंमत पाहा. दोन तास वाचून जे कळले ते असे. अशा डोंगलमध्ये दोन रूपे असतात. लावल्याबरोबर ते सीडीचे रूप घेते, कारण विंडोजवाल्याला वेगळी सीडी न देता त्यातूनच ड्रायव्हर बसवता यावा. ड्रायव्हर बसला की तोच डोंगलला इशारा देतो, ‘आता मोडेम हो.’ डोंगल क्षणभर स्वतःला तोडून घेते आणि नव्या आकड्यासह पुन्हा जोडले जाते. लिनक्सवर तो ड्रायव्हर चालत नाही, म्हणून इशारा देणारे कोणी नसते. डोंगल बिचारे सीडी होऊन बसून राहते. यात लिनक्सची नालायकी कुठे आली? इशारा द्यायला कोणी नव्हते, इतकेच.

आणि तो इशारा देणारा कार्यक्रमही कोणीतरी लिहून ठेवलेला होता. त्याचे नाव ‘यूएसबी मोडस्विच’. योझुआ डीत्झे नावाच्या प्रोग्रॅमरने तो लिहिला आणि फुकट वाटला. कोणत्या डोंगलला कोणता इशारा द्यायचा याची यादी त्याच्यासोबत असते, आणि वापरणाऱ्यांनी आपापल्या डोंगलची माहिती कळवत ती वाढवली आहे. आमच्या उबुंटूत तो होता, पण आमचे डोंगल त्या यादीपेक्षा नवे होते. म्हणून यादीत नाव नाही, म्हणून इशारा नाही. यादीत नाव नसले की काय होते हे रेशनच्या दुकानापासून घरकुलापर्यंत आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

यावर एक साधा उपाय वाचायला मिळाला : पुष्कळ डोंगलना ‘सीडी बाहेर काढा’ असे सांगितले की ती त्यालाच इशारा समजतात. संध्याकाळी अभ्यासिकेत आलो. सीडीच्या चिन्हावर उजवे क्लिक, ‘इजेक्ट’. चिन्ह गेले. थोडे थांबून पुन्हा ती पाच अक्षरे लिहिली. डोंगलच्या ओळीतला दुसरा आकडा बदललेला होता! मग वरच्या पट्टीतल्या नेटच्या चिन्हावर क्लिक केले, तर ‘मोबाइल ब्रॉडबँड’ असा नवा पर्याय आला. देश भारत, सिमकार्डाची कंपनी, मग एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या दाराचे नाव. बीएसएनएलचे तेव्हा ‘बीएसएनएलनेट’ असे होते, प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. फिरवायचा नंबर चांदणी, नव्व्याण्णव, हॅश. जोडले गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण प्रकरण तिथे संपले नाही. दर पाच-दहा मिनिटांनी नेट तुटायचे. पुन्हा तेच सुरू : “दादा, सांगितलं होतं नं, लिनक्स आहे.” काही जण म्हणाले सिमकंपनी चोर आहे. आम्हीही दोन दिवस हेच म्हणालो, कबूल करतो. मग पुन्हा रोजनिशी उघडली. प्रत्येक वेळी नेट तुटण्याच्या क्षणी एकच नोंद : यूएसबी डिस्कनेक्ट. म्हणजे जाळे तुटत नव्हते, डोंगलच संगणकापासून तुटत होते. कंपनीचा टॉवर तुमच्या यूएसबीची जोडणी तोडू शकत नाही. मग कोण?

पत्र्याच्या खोलीत सिग्नल कमी, म्हणून आम्ही पाच मीटरची स्वस्त वायर लावून डोंगल खिडकीबाहेर टांगले होते. यूएसबीच्या जुन्या खाचेतून ठरलेला वीजपुरवठा ५०० मिलिअँपिअरचा. डोंगल टॉवरशी बोलताना, त्यातही सिग्नल कमी असताना, भरपूर वीज खेचते. लांब आणि बारीक वायरीत तिच्यातला दाब पडतो. दाब पडला की डोंगल बंद पडून पुन्हा सुरू होते. वायर काढून डोंगल थेट संगणकाच्या मागच्या खाचेत लावले. बाकी काहीही बदलले नाही. तासभर एकदाही तुटले नाही. मात्र सिग्नल कमी झाला, पाने रांगू लागली. मग काय केले? वायर खिडकीपर्यंत नेण्याऐवजी टेबलच खिडकीपाशी सरकवले.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा या सगळ्यातला दुसरा धडा. वायरही बदलली, सिमही बदलले, विंडोजही टाकले, आणि मग नेट चालले, तर कशामुळे चालले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिन्ही कराल. कारण न शोधता केलेला उपाय आणि अंगारा-धुपारा यांत फार अंतर नाही.

इथपर्यंत आम्ही बरोबर होतो. आता चुकीबद्दल.

इजेक्ट केलेले डोंगल वीज गेली किंवा काढून लावले, की पुन्हा सीडी होते. कायमचा उपाय करायला हवा होता, तो आम्ही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत ठेवला. रोज सकाळी आम्ही येत असू, दोन क्लिक करत असू, आणि नेट चालू होत असे. पोरांना वाटे दादांनी चालू केले. आम्हालाही ते ऐकायला बरे वाटत होते, खोटे कशाला बोला? “दादा आले की नेट येते,” असे लहान मुले म्हणायची आणि आम्ही हसायचो.

तीन महिन्यांनी आम्ही चार दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला गेलो. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दोघांचे अर्ज अर्धवट होते, बारावीतली एक मुलगी आणि आयटीआयचा एक मुलगा. भारनियमनात वीज गेली, आली, आणि पडद्यावर सीडीचे चिन्ह उभे राहिले. मुलीने दहा वेळा क्लिक केले. आम्हाला फोन केले, तर सभागृहात आमचा फोन बंद. संध्याकाळी आम्ही फोन लावला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “दादा, काहून चालत नाही ते मले माहीतच नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघे कॅफेत गेले, तिथे रांगेत दिवस गेला. तारीख उलटली. पुढे मुदत वाढली, मुलीचा अर्ज गेला. मुलगा तोवर कामासाठी पुण्याला निघून गेला होता. त्याचा अर्ज राहिला तो राहिलाच.

मुदत वाढली हे आमचे कर्तृत्व नव्हते. अर्ज राहिला ही मात्र आमची जबाबदारी होती.

तेव्हाही लोक म्हणाले, “बघा, लिनक्समुळे झाले.” हे ऐकून आम्हाला राग यायचा, पण नीट विचार केला तर आमचा बचाव लटका होता. दोष लिनक्सचा नव्हता. पण दोष मुलीचाही नव्हता. दोन क्लिकचे ज्ञान आमच्या डोक्यात होते आणि ते आम्ही खोलीत ठेवले नव्हते. किल्ली लोकांना दिली, कुलूप उघडायची रीत स्वतःजवळ ठेवली. एम.ए.ला आम्ही मॅक्स वेबर वाचला होता. नोकरशाही आपली माहिती गुप्त ठेवून आपले वर्चस्व वाढवते असे त्याने मांडले आहे. परीक्षेत त्यावर आम्ही दोन पाने लिहून आलो होतो. आणि इथे तीन संगणकांच्या खोलीत स्वतःच छोटे साहेब होऊन बसलो होतो! ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की काय होते यावर भाषणे करणाऱ्या आम्हाला आपली मूठ दिसली नाही. आम्ही ती वाईट हेतूने मिटली नव्हती, हे खरे. पण मूठ कोणत्या हेतूने मिटली याने बाहेरच्याला काय फरक पडतो?

परत आल्यावर त्या मुलीला आणि आणखी चौघांना बसवले. आधी कायमचा उपाय केला : आमच्या डोंगलचे आकडे आणि त्याचा इशारा मोडस्विचच्या यादीत लिहिला, म्हणजे लावल्याबरोबर ते आपोआप मोडेम होऊ लागले. ती यादीची फाईल आम्ही नाही, मुलांनी टाईप केली. पण यादीही कधी बिघडेल, डोंगलही बदलेल. म्हणून एक कागद लिहून भिंतीला लावला. तो इथे देतो, कारण कोणाला तरी उपयोगी पडेल.

१. डोंगल संगणकाच्या मागच्या खाचेत थेट लावा. लांब वायर नको.

२. टर्मिनलमध्ये यूएसबीची यादी पाहा. डोंगलची ओळच नसेल तर खाच बदला, नाहीतर डोंगल दुसऱ्या संगणकाला लावून पाहा.

३. ओळ आहे पण पडद्यावर सीडी दिसते? तर उजवे क्लिक, इजेक्ट. थोडा वेळ थांबा. यादी पुन्हा पाहा, दुसरा आकडा बदलला पाहिजे.

४. आकडा बदलला पण जोडले जात नाही? सिमला पिन लावलेला आहे का पाहा, तो काढा. एपीएनचे स्पेलिंग एकेक अक्षर तपासा. बॅलन्स पाहा.

५. जोडले गेले पण पाने उघडत नाहीत? ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग करा. उत्तर आले तर नेट आहे, फक्त नावांवरून पत्ते शोधणारी डीएनएसची सोय बिघडली आहे. ती सेटिंगमध्ये हाताने भरा.

६. मध्येच तुटते? रोजनिशी पाहा. यूएसबी डिस्कनेक्ट असेल तर वायर किंवा खाच. तसे नसेल तर सिग्नल.

७. काय केले आणि काय झाले ते खालच्या वहीत तारखेसह लिहा.

आठवड्याने पाहिले तर तिसऱ्या ओळीतले ‘थोडा वेळ थांबा’ पेनाने खोडले होते आणि वर लिहिले होते, ‘वीसपर्यंत आकडे मोजा’. त्या मुलीचे अक्षर. विचारले तर म्हणाली, “थोडा म्हणजे किती ते कसं समजणार? लहान पोरं लगेच पुन्हा क्लिक करतात.” बरोबर होते तिचे. आमच्या ‘थोडा’मध्येही थोडी साहेबी शिल्लक होती.

आता मूळ युक्तिवादाकडे येऊ. “विंडोज टाकले असते तर हे रामायण झालेच नसते,” असे कोणी म्हणेल. एका मर्यादेत हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या डोंगलसोबत विंडोजचा ड्रायव्हर होता, तो बसला असता आणि नेट पहिल्या दिवशी चालले असते. पण आमच्या यंत्रांना पेलेल अशी एक्सपी ही आवृत्ती, आणि तिला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर तिच्यातली भोके बुजवणारे कोणी नव्हते. आमची तीन यंत्रे त्यानंतरही चालत राहिली. आणि विंडोजवर लांब वायरने डोंगल तुटलेच नसते का? तुटलेच असते. तेव्हा लोकांनी विंडोजला नव्हे, नशिबाला दोष दिला असता.

पण आमचा मुख्य मुद्दा लिनक्स की विंडोज हा नाहीच. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सची पहिली जाहिरात केली तेव्हापासून त्याची खरी ताकद एकच राहिली आहे : आतले उघडून पाहायला मनाई नाही. पण मनाई नसणे आणि पाहता येणे यांत फरक आहे. दार उघडे आहे एवढ्याने माणूस आत येत नाही. त्याला कोणीतरी सांगावे लागते की हे दार तुझ्यासाठीही आहे आणि आत असे असे आहे. ते सांगण्याचे काम आम्ही तीन महिने केले नाही. म्हणून लिनक्स असूनही आमच्या मुलांसाठी ते यंत्र बंदच होते.

आजचे डोंगल बदलले आहेत. बरीच नवी डोंगल स्वतःच छोटे राउटर असतात. संगणकाला ती नेटवर्क कार्डासारखी दिसतात आणि एपीएन ब्राउझरमध्ये पान उघडून भरायचे असते. बरेच जण तर मोबाइलच वायरीने जोडून नेट घेतात. आमच्या कागदावरच्या निम्म्या ओळी आता जुन्या झाल्या आहेत. होऊ द्या. पण आधी पाहा, मग बोला. एका वेळी एकच बदला. आणि कळलेले भिंतीवर लिहा, या तीन गोष्टी जुन्या होणार नाहीत.

तेव्हा मित्रहो, तुमच्या अभ्यासिकेत, पतपेढीत, मंडळात जे काही ‘फक्त दादांनाच येते’ किंवा ‘फक्त ताईंनाच येते’ असे असेल, ते आजच कागदावर उतरवा. मग ते संगणकाचे असो, बँकेच्या खात्याचे असो, की तहसील कार्यालयात कोणत्या खिडकीवर जायचे याचे असो. लिहिल्यावर तो कागद वस्तीतल्या एखाद्या दहावीच्या पोराच्या हातात द्या, स्वतः खोलीबाहेर जाऊन उभे राहा आणि त्याला करू द्या. तो जिथे अडेल तिथे दोष त्याचा नाही, तुमच्या कागदाचा आहे. ती ओळ पुन्हा लिहा.

आमची त्या गावातून बदली होऊन बरीच वर्षे झाली. आयटीआयच्या त्या मुलाची पुढे एकदा भेट झाली. तो म्हणाला, “जाऊ द्या दादा, झालं ते झालं.” त्याने जाऊ दिले. आम्ही जाऊ देऊ नये, म्हणून हा लेख.